सेल्फ फक्त 'कट्' करतो, फिरत नाही: जुन्या गाडीतला हरवलेला करंट शोधताना

प्रश्नकर्त्यांची अडचण थोडक्यात अशी आहे. त्यांच्या वडिलांची १९९७ सालची, कार्ब्युरेटर असलेली मारुती ८०० संगमेश्वरजवळच्या गावी पावसाळाभर पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. दिवाळीत चावी फिरवली तेव्हा बॅटरी पूर्ण उतरलेली निघाली. नवी बॅटरी बसवली, दोन दिवस गाडी व्यवस्थित चालू झाली, आणि आता चावी फिरवली की बॉनेटखालून एकदाच 'कट्' असा आवाज येतो व पुढे काहीच होत नाही. पाच-सात वेळा चावी मारल्यावर कधी तरी सेल्फ (इंजिनाला पहिला फेरा देणारी स्टार्टर मोटार) लागतो. उतारावर सोडून दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडला की गाडी लगेच चालू होते आणि मग चालताना कसलीही कुरकुर नसते. एका मेकॅनिकने पूर्ण सेल्फ बदलायला सांगितले आहे, दुसऱ्याने अल्टरनेटर, आणि ओळखीच्या एकाने नवी बॅटरीच खराब असल्याचे निदान फोनवरून केले आहे. तिघांपैकी कोणाचे ऐकावे, असा त्यांचा प्रश्न आहे.

तूर्त कोणाचेच ऐकू नये, असे माझे उत्तर आहे. तिघांपैकी एखाद्याचे बरोबरही ठरेल, परंतु आपल्या वर्णनावरून पाहता तिघांपैकी कोणीही गाडीला मीटर (व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर) लावलेला दिसत नाही. मी चिपळूणमध्ये अठ्ठावीस वर्षे गाड्यांच्या वायरिंगचे काम करतो आणि माझ्याकडे येणाऱ्या अशा गाड्यांमध्ये बहुधा दोन-तीन नवे भाग आधीच बसवलेले असतात. मूळ दोष मात्र एखाद्या हिरव्या पडलेल्या थिंबलमध्ये, म्हणजे वायरीच्या टोकाला बसवलेल्या धातूच्या कडीमध्ये, तसाच बसून राहिलेला असतो. म्हणून कोणता भाग बदलावा हा विचार जरा बाजूला ठेवून बॅटरीतून निघालेला करंट सेल्फपर्यंत जाताना आणि परत येताना नेमका कोठे अडतो, एवढेच शोधायचे आहे.

आपण नकळत एक मोठी गोष्ट सांगून टाकली आहे, ती म्हणजे गाडी धक्क्यावर लगेच चालू होते. याचा अर्थ पेट्रोल पोहोचते, प्लगला ठिणगी मिळते, कॉइल आणि डिस्ट्रिब्युटर आपापले काम करतात. बॉनेटखालच्या निम्म्याअधिक गोष्टी या एका वाक्याने संशयातून मुक्त झाल्या. उरतात त्या बॅटरी, तिचे दोन क्लॅम्प, सेल्फपर्यंतची जाड वायर, इंजिनाची अर्थ (करंट बॅटरीकडे परत नेणारी जोडणी), चावीचा स्विच व तिथून सोलेनॉइडला जाणारी बारीक वायर, सोलेनॉइड (चावीच्या लहान करंटवर ओढला जाऊन मोटारीचा मोठा करंट जोडणारा चुंबकी स्विच), आणि शेवटी सेल्फची मोटार. अल्टरनेटर या यादीत नाही, कारण इंजिन फिरेपर्यंत त्याला काही कामच नसते. तो बॅटरी भरत नसेल तर उद्या-परवा बॅटरी उतरेल हे खरे. परंतु भरलेली बॅटरी लावूनही सेल्फ 'कट्' एवढेच करत असेल, तर आजच्या दोषासाठी त्याला जबाबदार धरता येत नाही.

आवाजाचे थोडे अधिक वर्णन हवे होते. एकच ठसठशीत 'कट्' येणे आणि 'कटकटकटकट' अशी माळ लागणे या दोन निरनिराळ्या तक्रारी आहेत. माळ लागते तेव्हा बहुधा व्होल्टेज कोसळत असते: सोलेनॉइड ओढला जातो, मोटारीने करंट मागताच व्होल्टेज पडते, सोलेनॉइड सुटतो, व्होल्टेज पुन्हा वर येते आणि तो पुन्हा ओढला जातो. अशा वेळी आधी बॅटरी आणि क्लॅम्प पाहावेत. एकच 'कट्' म्हणजे सोलेनॉइड ओढला गेला आणि ओढलेला राहिला, पण त्याच्या पुढे मोटारीला पुरेसा करंट मिळाला नाही. आपण 'एकदाच' असे लिहिले आहे, ते ऐकून लिहिले असावे असे मी धरून चालतो.

दुसरी गोष्ट आपण लिहिलेली नाही आणि माझ्या दृष्टीने तीच अधिक महत्त्वाची आहे: चावी मारताना हेडलाइटचे काय होते? संध्याकाळी गाडी भिंतीकडे तोंड करून उभी करावी, हेडलाइट लावावेत आणि घरातल्या कोणाला तरी चावी मारायला सांगावे. 'कट्' होताच उजेड विझण्याइतका मंद झाला, तर बॅटरी किंवा तिच्या अगदी जवळचा जोड कमकुवत आहे, नाही तर मोटार आतून जाम होऊन अवाच्या सवा करंट ओढते आहे. उजेड जवळजवळ तसाच लख्ख राहिला, तर बॅटरीकडून मोठा करंट कोणी मागतच नाही, म्हणजे वाट मधेच कोठे तरी तुटली आहे. या चाचणीला कसलेही हत्यार लागत नाही.

आता बॅटरी. नवी बॅटरी म्हणजे भरलेली बॅटरी असे मानू नये. ती दुकानात किती महिने पडून होती आणि देण्यापूर्वी चार्ज केली होती का, हे आपल्याला ठाऊक नसते, आणि त्यानंतरच्या अनेक फसलेल्या सेल्फांनी तिच्यातला काही साठा संपवला आहे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर मीटरवर टर्मिनलला टर्मिनल १२.६ व्होल्टच्या आसपास आकडा यायला हवा. १२.२ आला तर ती निम्मी रिकामी आहे, आणि १२ च्या खाली गेल्यास बाकीच्या चाचण्या करण्यात अर्थ नाही. आधी ती चार्जरवर लावावी. या गाडीला साधारणपणे ३५ अँपियर-तासांची बॅटरी असते, तिला तीन-साडेतीन अँपियरने रात्रभर चार्जिंग द्यावे. गावातल्या गावात दहा मिनिटे गाडी फिरवून ती भरत नाही.

बॅटरी बदलली की आमच्याकडे हमखास आढळणारा एक प्रकार आहे. बाजारात लहान बॅटऱ्या जाड टर्मिनलच्याही मिळतात आणि बारीक टर्मिनलच्याही. जाड टर्मिनलचे क्लॅम्प बारीक टर्मिनलवर चढवले की बोल्ट कितीही आवळला तरी क्लॅम्प पुरता बसत नाही, आणि मग दुकानातला पोऱ्या मधल्या फटीत एक खिळा ठोकून देतो किंवा वायरचा तुकडा कोंबतो. पहिले दोन दिवस गाडी छान चालू होते. मग खिळ्यापाशी ठिणग्या उडून शिशावर काळा थर धरतो आणि वाट बंद पडते. आपली गाडीही नव्या बॅटरीवर दोन दिवसच नीट चालली, म्हणून प्रथम हे पाहावे असे मी सुचवीन. दहाच्या पान्याने क्लॅम्प काढावा, पहिल्यांदा निगेटिव्हचा, लावताना तो शेवटी. म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी शॉर्ट होत नाही. आतला भाग पॉलिश पेपरने शिसे चमकेपर्यंत घासावा, पांढरा-हिरवा क्षार असल्यास खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने धुवावा, पण ते पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये. माप जमत नसेल तर टर्मिनलवर चढवायच्या शिशाच्या टोप्या मिळतात, त्या वापराव्यात. व्हॅसलीन लावायचे ते जोड आवळून झाल्यावर, वरून.

एवढ्यानेही सेल्फ लागला नाही, तर खरे काम सुरू होते. इथे टेस्ट लॅम्पवर विसंबून राहण्याची चूक जुनी आणि सार्वत्रिक आहे. सेल्फच्या जाड वायरीला दिवा लावला, तो पेटला, 'करंट येतो आहे, सेल्फच गेला' असा निवाडा झाला, असे मी कितीदा तरी पाहिले आहे. पाच वॅटचा दिवा अर्धा अँपियरसुद्धा घेत नाही. सेल्फ शंभर अँपियरच्या आसपास मागतो. वाटेतल्या एखाद्या गंजलेल्या जोडाचा रोध समजा ०.०४ ओहम आहे. दिव्याच्या करंटला त्यावर व्होल्टचा पन्नासावा भागही खर्ची पडत नाही, परंतु शंभर अँपियर वाहू लागताच तिथे ४ व्होल्ट गडप होतात आणि सेल्फच्या वाट्याला मोटार न फिरण्याइतकेच उरतात. ओहमच्या पट्टीवर हा रोध पकडू म्हणाल तर तेही जमत नाही, कारण साध्या मीटरच्या दोन वायरींचाच रोध त्याच्या कित्येक पट असतो. घराच्या टाकीचा पाइप चोंदलेला आहे की नाही हे नळ बंद असताना कळत नाही, तो सोडावाच लागतो. तसेच हे दोष चावी मारलेली असतानाच मोजावे लागतात.

मोजण्याची रीत जमाखर्चाची आहे. बॅटरीने दिलेले व्होल्ट वाटेतल्या कोणत्या ना कोणत्या तुकड्यावर खर्च झालेच पाहिजेत, आणि सर्व तुकड्यांची बेरीज बॅटरीच्या आकड्याशी जुळलीच पाहिजे. मोटारीवर खर्च झाले ते कामी आले, जोडांवर खर्च झाले ते वाया गेले. मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा आणि एकेका तुकड्याच्या दोन टोकांना त्याच्या सळया टेकवाव्यात.

त्यापूर्वी गाडी न्यूट्रलमध्ये आणि हँडब्रेक ओढलेला असावा. कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरला जाणारी मधली जाड वायर डिस्ट्रिब्युटरच्या टोपीतून काढून तिचे धातूचे टोक इंजिनाला अर्थ करून ठेवावे, म्हणजे मोजताना गाडी अचानक चालू होणार नाही. अंगठी आणि धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. हात पोहोचत नाही म्हणून गाडीखाली जायचे असेल तर नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नये, खाली स्टँड असलेच पाहिजेत. चावी एका वेळी पाच सेकंदांहून अधिक मारू नये आणि मध्ये सेल्फला थंड व्हायला अर्धे मिनिट द्यावे.

पहिली नोंद बॅटरीच्या दोन टर्मिनलांमधली, चावी मारलेली असताना. सेल्फ फिरत असताना आपल्या हवामानात ती १० च्या वर राहावी. साडेनऊच्या खाली गेली तर बॅटरी पुन्हा पूर्ण भरून परत पाहावे, तरीही तेच झाले तर बॅटरीवाल्याकडे जावे. दुसरी नोंद बॅटरीच्या पॉझिटिव्ह टर्मिनलपासून सेल्फवरच्या जाड वायरीच्या बोल्टपर्यंत. सळई क्लॅम्पवर नव्हे तर खुद्द टर्मिनलच्या शिशावर टेकवावी, नाही तर क्लॅम्पचा दोष मोजणीतून निसटतो. तसेच दुसरे टोक थिंबलवर नव्हे तर बोल्टच्या माथ्यावर. सेल्फ करंट ओढत असताना इथे ०.३ पर्यंत ठीक, ०.५ च्या वर गेले तर ती वायर किंवा तिचे जोड दोषी. तिसरी नोंद बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलपासून सेल्फच्या उघड्या धातूपर्यंत. तिथेही ०.३ च्या वर काही खपवून घेऊ नये.

ही तिसरी नोंद बहुतेक लोक घेतच नाहीत, आणि माझा अनुभव असा की जुन्या गाडीत निम्मे दोष तिथेच असतात. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेले असते, त्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी अर्थची पट्टी किंवा वायर हीच त्याची परतीची वाट असते. ती गिअरबॉक्सच्या आसपास खाली, चिखलाच्या माऱ्यात असते. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक जुनी कार्ब्युरेटरची गाडी आली होती. तिच्या चोकची केबल काही महिन्यांत दोनदा बदलून झाली होती, तिसरीही अडकू लागली होती, आणि त्याशिवाय 'सेल्फ जरा आळशी झाला आहे' असे मालक जाता जाता म्हणाले. तिन्हीसांजेची वेळ होती. मी बॉनेट उघडून वाकलो आणि त्यांना चावी मारायला सांगितली, तेव्हा चोकच्या केबलच्या आवरणातून धुराची बारीक रेघ वर आली. बोट लावले तर चटका बसला. इंजिनाच्या अर्थच्या पट्टीवर कोणी तरी काळी टेप गुंडाळली होती. ती सोडल्यावर आत तांब्याच्या चार तारा शिल्लक होत्या, बाकीचा हिरवा भुगा. सेल्फचा सगळा करंट चोकच्या आणि ॲक्सिलरेटरच्या केबलीतून परत जाऊ पाहत होता. नवी पट्टी बसवली आणि केबलीची तक्रार कायमची मिटली.

मीटर नसला तरी ही अर्थ तपासता येते. जंप स्टार्टची एक केबल घ्यावी, तिचे एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरे इंजिनाच्या किंवा गिअरबॉक्सच्या रंग नसलेल्या बोल्टला पक्के लावावे, आणि चावी मारावी. सेल्फ जोमाने फिरला तर निदान झाले. त्यानंतर बॅटरी ते बॉडी आणि बॉडी ते इंजिन अशा दोन्ही वायरी बदलाव्यात, बॉडीवर जिथे थिंबल बसते तिथला रंग नाण्याएवढ्या जागेत घासून काढावा आणि बोल्ट आवळल्यावर वरून ग्रीस लावावे.

कोकणातल्या वायरींविषयी थोडे वेगळे सांगणे आवश्यक आहे. थिंबलच्या तोंडातून शिरलेले पाणी तांब्याच्या तारांमधून कंदिलाच्या वातीत रॉकेल चढावे तसे आत चढत जाते आणि वरचे प्लॅस्टिक अगदी नव्यासारखे दिसत असताना आतले तांबे काळे पडते. २०२१ च्या जुलैत चिपळूणला पूर आला, त्यात बुडालेल्या काही गाड्या धुऊन-पुसून चालू झाल्या आणि सात-आठ महिन्यांनी सेल्फ लागत नाही म्हणून माझ्याकडे आल्या, त्या याच कारणाने. अशी वायर थिंबलजवळ वाकवली तर ती लवचिक न वाटता आत काही तरी कुरकुरल्यासारखी लागते. तिच्यावर नवे थिंबल चढवून उपयोग नसतो, पूर्ण वायरच बदलावी लागते.

आता दोन्ही बाजूंच्या नोंदी अगदी शून्याजवळ आल्या आणि तरी सेल्फ फिरला नाही, तर 'वायरी उत्तम आहेत' असा निष्कर्ष घाईने काढू नये. करंटच वाहत नसेल तर खराब वायरीवरही व्होल्ट खर्च होत नाहीत. त्या स्थितीत सगळेच्या सगळे १२ व्होल्ट जिथे वाट तुटली आहे त्या ठिकाणी जमा झालेले दिसतात, आणि आपल्या एकाच 'कट्'साठी तीच जागा शोधायची आहे. सोलेनॉइडच्या पाठीवर दोन जाड बोल्ट असतात; एकावर बॅटरीची वायर येते, दुसऱ्यावरून मोटारीत जाते. मीटरच्या सळया या दोन बोल्टांवर ठेवाव्यात. चावी न मारता १२ च्या पुढे आकडा दिसेल. 'कट्' होताच तो शून्याजवळ यायला हवा. 'कट्' झाला, आवाजही खणखणीत आला, आणि आकडा १२ च्या आसपासच राहिला, तर सोलेनॉइडच्या आतली तांब्याची तबकडी किंवा तिचे संपर्क जळून खड्डे पडलेले आहेत. तबकडी कधी चांगल्या जागी टेकते, कधी जळक्या, म्हणून पाच-सात वेळा चावी मारल्यावर एखाद्या वेळी सेल्फ लागतो. आपल्या वर्णनाशी हे बरेच जुळते.

आकडा शून्यावर आला, तर मीटर पुढे न्यावा: मोटारीकडच्या बोल्टपासून सेल्फच्या बॉडीपर्यंत. तिथे १२ व्होल्ट मिळत असून मोटार हलत नसेल, तर आतले कार्बन (मोटारीच्या फिरत्या भागाला करंट देणारे ठोकळे) झिजून कॉम्युटेटरपर्यंत, म्हणजे त्या भागावरच्या तांब्याच्या पट्ट्यांपर्यंत, पोहोचत नाहीत, किंवा आपल्या होल्डरमध्ये अडकून बसले आहेत. पावसाळाभर उभ्या राहिलेल्या गाडीत हे अडकणे नवलाचे नाही. त्याची एक खूण अशी की सेल्फच्या अंगावर लाकडी दांड्याने हलकेच ठोकत चावी मारली की तो फिरतो. लोखंडी हातोडीने मात्र ठोकू नये, कारण काही सेल्फमध्ये आत कायम चुंबक असतात आणि ते तडकतात. मग दहा मिनिटांच्या दुरुस्तीचा सेल्फ खरोखरच बदलावा लागतो. आणि या सर्व जागी व्होल्ट ठीक असून, अर्थही ठीक असून, बॅटरीचा आकडा मात्र चावी मारताच कोसळत असेल, तर मोटार यांत्रिक रीतीने जाम आहे किंवा आर्मेचर (मोटारीचा तारा गुंडाळलेला फिरता भाग) शॉर्ट आहे. असे झाल्यास सेल्फ उतरवण्याखेरीज इलाज नाही.

थोडक्यात, हेडलाइट मंदावले तर बॅटरी, क्लॅम्प किंवा जाम झालेली मोटार पाहावी. लख्ख राहिले तर आधी इंजिनाची अर्थ, मग सोलेनॉइडचे दोन बोल्ट, मग कार्बन.

एक वाट अजून राहिली, ती चावीपासून सोलेनॉइडच्या लहान टर्मिनलपर्यंतची बारीक वायर. इग्निशन स्विचचे संपर्क पंचवीस-तीस वर्षांत झिजतात, मधले कपलर तापून पिवळे पडतात, आणि सोलेनॉइडला ओढून घ्यायला लागणारा करंट त्यांना पेलवत नाही. चावी मारलेली असताना त्या लहान टर्मिनलवर, सेल्फच्या बॉडीच्या तुलनेत, किती व्होल्ट येतात ते पाहावे. बॅटरीवर त्याच क्षणी ११ असतील आणि इथे ८ च असतील, तर ३ व्होल्ट स्विच आणि वायर खाऊन बसले आहेत. तबकडी अशा वेळी दबकत टेकते, ठिणग्या उडतात आणि चांगले संपर्कही हळूहळू जळतात. म्हणजे आज सोलेनॉइड बदलला तरी वर्षभरात तीच तक्रार परत येते. यावर मी सहसा रिले, म्हणजे लहान करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच, बसवतो. साधा चार पिनांचा, ३० अँपियरचा रिले पुरतो: ३० क्रमांकाच्या पिनला बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली वायर, ८७ पासून सोलेनॉइडला, ८६ ला चावीकडून येणारी जुनी वायर आणि ८५ ला अर्थ. चावीच्या वाट्याला मग केवळ रिलेचा किरकोळ करंट येतो. मात्र नोंद न घेता रिले बसवू नये. अर्थचा दोष असलेल्या गाडीत रिलेने दोन दिवस बरे वाटते आणि खरा दोष आणखी खोल लपतो.

सेल्फ पूर्ण बदलावा का, याविषयी माझे मत विचाराल तर सहसा नको. आर्मेचर जळलेले नसेल आणि बॉडी फुटलेली नसेल, तर कार्बन, बुश आणि सोलेनॉइड नवे टाकून, कॉम्युटेटर घासून तो पुन्हा वर्षानुवर्षे चालतो. रिकंडिशन म्हणून बाजारात जो सेल्फ मिळतो त्याला कधी कधी नुसता रंग मारलेला असतो, आणि आपण आपला मूळ, दणकट सेल्फ त्याच्या बदल्यात देऊन येतो. परंतु हे तुमच्या भागात काम जाणणारा माणूस आहे की नाही यावर अवलंबून आहे. सेल्फ उघडून बांधण्याची सवय नसलेल्या माणसाकडे तो उघडायला देण्यापेक्षा चांगल्या कंपनीचा नवा घेणे बरे.

आता मूळ गोष्टीकडे, म्हणजे जुनी बॅटरी पावसाळ्यात का उतरली याकडे. इथे दोष शोधण्यापूर्वी हिशेब करून पाहावा. गाडीत नंतर बसवलेला गाण्यांचा टेप असेल तर त्याची मेमरी सतत थोडा करंट घेते. तो २० मिलिअँपियर धरला तरी ३५ अँपियर-तासांची बॅटरी सुमारे ७३ दिवसांत रिकामी होते, आणि बॅटरीची आपोआप होणारी घट वेगळीच. जूनपासून दिवाळीपर्यंत उभ्या गाडीची बॅटरी काहीही बिघडलेले नसताना उतरू शकते, आणि एकदा पूर्ण उतरून महिनोन् महिने तशीच राहिली की प्लेटांवर सल्फेट धरून ती कायमची जाते. याउलट डिकीचा दिवा बंद होत नसेल किंवा अल्टरनेटरचा डायोड गळत असेल आणि ३०० मिलिअँपियर जात असतील, तर पाच दिवसही लागत नाहीत. हे मोजायला चावी काढून, दारे बंद करून, निगेटिव्ह क्लॅम्प आणि टर्मिनल यांच्या मध्ये मीटर १० अँपियरच्या सॉकेटवर लावावा. ५० मिलिअँपियरच्या वर आकडा आला तर एकेक फ्यूज काढून पाहावा, आकडा पडेल त्या फ्यूजच्या पुढे गळती आहे. सगळे फ्यूज काढूनही तो पडला नाही तर अल्टरनेटरची जाड वायर सोडून पाहावी. मीटर असा मध्ये असताना चुकूनही चावी मारू नये, मीटरचा फ्यूज त्याच क्षणी जातो.

अल्टरनेटरवरचा संशयही एका नोंदीत मिटेल. इंजिन चालू, हेडलाइट लावलेले, रेस थोडी वाढवलेली असताना बॅटरीवर १३.८ ते १४.५ व्होल्ट असावेत. काही जुने मेकॅनिक चालू इंजिनावर बॅटरीचा क्लॅम्प काढून 'गाडी बंद पडते का' ते पाहतात. ही डायनामोच्या काळातली सवय आहे. अल्टरनेटरच्या गाडीत त्यामुळे व्होल्टेज एकदम उसळते आणि चांगले डायोड व रेग्युलेटर जळतात, तेव्हा कोणी तसे करू लागल्यास नम्रपणे थांबवावे.

हे वाचणाऱ्या दुसऱ्या कोणाची गाडी सेल्फवर जोरात फिरत असेल पण पकडत नसेल, तर वरचे बहुतेक विवेचन त्यांच्यासाठी नाही. त्यांनी प्लग काढून, तो वायरीला लावून इंजिनाच्या धातूला टेकवून ठिणगी पाहण्यापासून सुरुवात करावी, मात्र उघड्या प्लगच्या भोकापासून आणि पेट्रोलच्या पाइपांपासून ती दूर असावी. पावसाळ्यात डिस्ट्रिब्युटरची टोपी आतून कोरड्या फडक्याने पुसणे आणि पॉइंट असलेल्या गाडीत ते घासून गॅप पाहणे, एवढ्यानेच अनेक गाड्या चालू होतात.

आपल्याकडून मला चार आकडे हवे आहेत: रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीचा, आणि 'कट्' होत असताना घेतलेले निगेटिव्ह टर्मिनल ते सेल्फची बॉडी, सोलेनॉइडचे दोन बोल्ट, आणि लहान टर्मिनल ते सेल्फची बॉडी हे तीन. सेल्फ ज्या वेळी लागत नाही त्या वेळचेच आकडे घ्यावेत. तो लागला त्या वेळचे असतील तर तसे स्पष्ट लिहावे. हेडलाइटचे काय झाले आणि क्लॅम्पखाली खिळा निघाला का, तेही कळवावे.